तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट जागा असताना सर्व्हर भाड्याने कशाला?

मी मोडी लिपीचे सरावाचे पाठ ज्या साइटवर टाकतो तिच्याबद्दल हे हमखास विचारलं जातं, की फुकट लिहायला इतक्या जागा असताना महिन्याला पैसे भरून सर्व्हर (इंटरनेटला कायम जोडलेला कॉम्प्युटर) का घेतलात आणि तो सांभाळायला कितीसा त्रास आहे. आजवर प्रत्येकाला तुकड्या तुकड्यात उत्तर दिलं, आज एकदाच नीट लिहितो.

कारण अक्षरांचं आहे. मोडी युनिकोडमधे, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य यादीत, आली 2014 साली, त्यामुळे ती आता टाइप करता येते, शोधता येते, चित्र म्हणून डकवावी लागत नाही. पण वाचणाऱ्याच्या जुन्या फोनवर किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मोडीचा फॉन्ट नसेल तर त्याला नुसते चौकोन दिसतात. उपाय असा की पानाबरोबर फॉन्टही आपणच पाठवायचा. नोटो सान्स मोडी हा फॉन्ट मोफत आहे, त्याचं लायसन्स वेबवर वापरायला परवानगी देतं, सीएसएसमधे, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या फाइलमधे, चार ओळी लिहिल्या की झालं. पण बऱ्याच फुकट जागी फॉन्ट त्यांनी ठरवलेलाच वापरावा लागतो. मराठीत हे दुखणं जुनं आहे हो, युनिकोडच्या आधी प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा असायचा आणि तो फॉन्ट गेला की सगळा मजकूर वाचता न येणारा कचरा व्हायचा, किती चांगलं लेखन तसंच गेलं.

दुसरं कारण स्कॅनचं. लोकांच्या घरी जुनी खरेदीखतं असतात, वतनाचे कागद असतात, ते स्कॅन करून पाठवतात आणि विचारतात यात काय लिहिलंय. त्यात नावं, गट, हिस्से सगळं असतं. ते मला कुणा तिसऱ्याच्या जागेत ठेवायचं नाही. माझ्या सर्व्हरवर पासवर्ड लावलेला एक फोल्डर आहे, कागद वाचून दिला की तिथून काढून टाकतो. फक्त फॉन्टचा प्रश्न असता तर फुकटचं स्टॅटिक होस्टिंगही (नुसती तयार पानं ठेवायची जागा) चाललं असतं, तुमची गरज तेवढीच असेल तर खुशाल तेच घ्या.

आता कसं केलंय ते. 1 जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा एक हिस्सा, आणि त्यावर डेबियन ही लिनक्सची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. एवढ्या साइटला तो भरपूर होतो, महिन्याला पाचशेच्या आसपास जातात. मुंबई किंवा बंगळुरूचं डेटासेंटर मिळत असेल तर ते घ्या, युरोपातल्या सर्व्हरला इथून प्रत्येक फेरीला शंभरच्या वर मिलिसेकंद जातात आणि गावाकडच्या नेटवर ते जाणवतं.

सर्व्हर सुरू केल्या केल्या बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, दार ठोठावायला लागतात, रूट, अ‍ॅडमिन असली मुख्य खात्याची नावं घालून पासवर्ड लावून बघतात. घाबरायचं नाही, पण पहिलं काम तेच. आपल्या लॅपटॉपवर एसएसएच की (दुरून सर्व्हरमधे शिरायची, पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) तयार करायची, ती सर्व्हरवर टाकायची आणि मग पासवर्डने लॉगिन बंद. हे करताना सर्व्हरवर आधीच लॉगिन असलेली खिडकी उघडीच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय बघा, मगच पहिली बंद करा. फायरवॉलमधे (नको ती ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) 22, 80 आणि 443 एवढेच पोर्ट, म्हणजे दारं, उघडे, 22 एसएसएचसाठी आणि बाकीचे दोन साइटसाठी, आणि 22 ला परवानगी दिल्याशिवाय फायरवॉल चालू करू नका, नाहीतर आपणच बाहेर. सिक्युरिटी अपडेट आपोआप होतील असं लावून ठेवा.

वेबसर्व्हर, म्हणजे वाचणाऱ्याला पानं पाठवणारा प्रोग्रॅम, म्हणून मी कॅडी वापरतो. डोमेनचा (साइटच्या नावाचा) ए रेकॉर्ड, म्हणजे ते नाव कुठल्या सर्व्हरचं हे सांगणारी नोंद, सर्व्हरच्या आयपीकडे (आकडी पत्त्याकडे) वळवला की लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं, साइटला https देणारं सर्टिफिकेट तो स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत स्वतःच बदलतो.

डेटाबेस मुद्दाम ठेवलेला नाही. मोडीचं एक अक्षर यूटीएफ-8 मधे (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) 4 बाइट घेतं, देवनागरीचं 3. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमधे यूटीएफ8 नावाची जुनी सेटिंग आहे ती 3 बाइटपर्यंतच साठवते, म्हणजे देवनागरी नीट राहते आणि मोडी मात्र राहत नाही, त्यासाठी 4 बाइट साठवणारी यूटीएफ8एमबी4 ही सेटिंग लागते. माझी पानं साध्या टेक्स्ट फाइलमधे लिहिलेली आहेत, लॅपटॉपवर ह्यूगो नावाचा प्रोग्रॅम त्यांचं एचटीएमएल (ब्राउझरला कळणारी पानं) करतो आणि आरसिंक या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने ते सर्व्हरवर जातं. पानांचे पत्ते रोमनमधे ठेवलेत, कारण देवनागरी लिंक कॉपी केली की अनेकदा तिची टक्केवाली चिन्हं होतात आणि नुसत्या ‘मोडी’ या शब्दाची 36 अक्षरं होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर कोण उघडणार तसली लिंक?

या सगळ्यात सर्व्हर मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. तो भाड्याची खोली आहे, उद्या भाडं वाढलं की दुसरीकडे सामान हलवायचं. मूळ फाइल्स लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर आहेत, नवा सर्व्हर घेऊन त्या वर चढवायच्या, ए रेकॉर्ड बदलायचा, संध्याकाळपर्यंत साइट परत उभी. आधीच ठरवून हलवणार असाल तर दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुना ए रेकॉर्ड इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, कमी करून ठेवा.

ईमेल मात्र स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या भानगडीत मी पडत नाही आणि तुम्हीही पडू नका. मेल पाठवायचं पोर्ट 25 बऱ्याच ठिकाणी बंदच असतं, एसपीएफ, डीकेआयएम (पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या खुणा) सगळं बरोबर लावलं तरी नव्या आयपीवरून गेलेलं पत्र स्पॅममधे पडू शकतं, आणि ज्याला आजोबांच्या जमिनीचा कागद वाचून हवाय त्याला उत्तर पोचलंच पाहिजे.

परदेशी कंपनीकडे कार्डाने पैसे भरणार असाल तर ऑटो-पेवर विसंबू नका. 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला आधी ई-मॅंडेट, म्हणजे आपण ऑनलाइन दिलेली मंजुरी, लागतं, ते झालेलं नसेल तर पैसे जात नाहीत. कॅलेंडरमधे रिमाइंडर लावा. आणि डोमेन स्वतःच्याच नावावर घ्या, साइट करून देणाऱ्याच्या किंवा भाच्याच्या नावावर नको. त्या खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका, डोमेनची मुदत संपली तर नूतनीकरणाची आठवण करून देणारा मेलही तुमच्यापर्यंत येणार नाही.