प्रोजेक्टरचा बायोडाटा

बारा नंबरच्या खोलीत तास असला की मी स्टाफरूममधून दहा मिनिटं आधी उठते. प्रोजेक्टर लावायचा असतो. लावायचा म्हणजे आधी मामांना शोधायचं. रिमोट ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली मामांच्या खिशात आणि मामा झेरॉक्स काढायला गेलेले. ते आले की वहीत सही करायची, रिमोट घ्यायचा, वर्गात जाऊन छताला उलट्या टांगलेल्या त्या यंत्राकडे तो रोखायचा. मग पंखा घुरघुरतो, भिंतीवर निळा चौकोन पडतो आणि त्यात अक्षरं येतात : नो सिग्नल.

लगेच मागच्या बाकांवरून सल्ले सुरू. 'मॅडम, विंडोज आणि पी दाबा.' 'मॅडम, वायर काढून परत घाला.' 'मॅडम, सोर्स बदला.' एरवी कर्कवृत्त कुठून जातं विचारलं की बाकाखाली पडलेलं पेन शोधणारी ही मुलं त्या पाच मिनिटांत तज्ज्ञ असतात. आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं, हे मी त्यांना सांगत नाही.

आमच्या त्या खोलीत भिंतीतून एकच वायर खाली आली आहे, व्हीजीएची. निळं डोकं, पाच-पाचच्या तीन रांगांत पंधरा पिनांची जागा, दोन्ही बाजूंना हाताने पिळायचे स्क्रू. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही पद्धत. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाचा तेव्हा जन्म झालेला नव्हता, मी स्वतः शाळेत होते. ते स्क्रू कुणी पिळत नाही, त्यामुळे वायर स्वतःच्याच वजनाने लोंबते आणि ऐन तासात चित्र जातं. एकदा मी पिना मोजल्या तर चौदाच भरल्या. केवढी घाबरले! संगणक विभागातल्या सरांनी हसून सांगितलं, मधल्या रांगेतली नववी पिन पुष्कळ वायरींत मुळातच नसते.

माझ्या नव्या लॅपटॉपला मात्र ते निळं डोकं कुठेच बसत नाही. म्हणून पर्समध्ये आजीबाईचा बटवा असावा तशी एक पिशवी असते, तीत नाना तऱ्हेचे कन्व्हर्टर. पहिला घेतला तो फसला. हवा होता एचडीएमआयवरून (लॅपटॉपची चित्र बाहेर पाठवायची नवी खाच) व्हीजीएवर नेणारा, मी आणला व्हीजीएवरून एचडीएमआयवर नेणारा. माझी समजूत अशी की हा नुसता जोड आहे, इकडून घातला काय नि तिकडून घातला काय. तसं नसतं. एचडीएमआयमधून आकडे येतात, व्हीजीएला चढउतार होणारा विजेचा दाब लागतो, आणि आतली बारकी चिप हे भाषांतर एकाच दिशेने करते. दुकानदाराने बदलून दिला, पण 'मॅडम कॉलेजात शिकवता ना?' हे विचारायला तो विसरला नाही.

त्याच सरांनी मला एकदा आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून त्या निळ्या चौकोनाचा मला तितकासा राग येत नाही. वायर जोडली की लगेच चित्र जात नाही. आधी लॅपटॉप समोरच्याची माहिती मागवतो. प्रोजेक्टर असो की मॉनिटर, त्याच्याकडे ती तयार असते : कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, कोणत्या साली कितव्या आठवड्यात तयार झाला, मॉनिटर असेल तर पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि कोणकोणत्या आकाराचं चित्र झेपतं. सगळं मिळून १२८ बाइट. व्हीजीएत ही माहिती बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून जाते. त्या दोहोंपैकी एक जरी तुटली तरी लॅपटॉप बिचारा अंदाजाने काहीतरी ठोकळेबाज चित्र पाठवतो, आणि नकाशातला महाराष्ट्र एकतर ताणला जातो नाहीतर दबतो.

मी म्हटलं, 'अहो सर, हा तर बायोडाटा झाला. जन्मतारीख, उंची, अपेक्षा.'

सर गंभीरपणे म्हणाले, 'पत्रिका जुळल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.'

हे मला सुचायला कारण होतं. त्या दिवसांत बहिणीच्या मुलीसाठी स्थळं बघणं चाललं होतं आणि आलेले सगळे बायोडाटे एका एक्सेलमध्ये भरायचं काम बहिणीने माझ्या गळ्यात घातलं होतं. ती फाईल एकदा बारा नंबरच्या भिंतीवर पाच फूट उंच झळकली. 'स्थळे – नवीन'. पहिली ओळ : उंची पाच-नऊ, पुण्यात नोकरी, स्वतःचा फ्लॅट, शेरा 'मुलगा बरा, आई बोलकी'. मी झाकेपर्यंत साठ जणांनी वाचून घेतलं. कुणी चकार शब्द काढला नाही. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, 'मॅडम, बोलकी आई चांगली की वाईट?'

पण सांगायचं होतं ते लोणारचं.

लोणार सरोवर शिकवायचं होतं. बुलढाणा जिल्ह्यात, दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेला जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. फोटो मी हौसेने जमवले होते : काठावरचं दाट रान, हिरवट पाणी, हेमाडपंती देवळं. बायोडाटा गेला, पसंती आली, चित्र उमटलं. आणि पांढरी स्लाइड चक्क राणी कलरची! रान जांभळं, सरोवर जांभळं, माझी काळी अक्षरं तेवढी काळी.

'मॅडम, हा २०२० चा फोटो आहे का?'

प्रश्न बावळट नव्हता. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी खरोखरच गुलाबी झालं होतं. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यात तगणारे, अंगात गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं होतं. मी ते सगळं तिथेच सांगितलं, त्या राणी कलरच्या उजेडात उभी राहून, आणि माझ्या आयुष्यात इतका शांत वर्ग मी पाहिलेला नाही. मग मी म्हटलं, 'पण झाडं का रे जांभळी झाली?' तेव्हा कुठे खसखस पिकली.

मामा आले. त्यांनी वायर उपसली, मोबाइलच्या उजेडात डोळे बारीक करून तिच्या तोंडात पाहिलं. 'वाकलीय,' म्हणाले. 'कोणीतरी तिरकी कोंबलीय.' वरच्या रांगेतली दुसरी पिन. पहिली तांबडा नेते, दुसरी हिरवा, तिसरी निळा. हिरव्याची वाट बंद, म्हणून पांढऱ्यातून हिरवा वजा झाला आणि राहिला राणी. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं, असण्याची गरजही नव्हती.

'मॅडम, सेफ्टी पिन आहे का?'

मी खांद्यावरची, पदराची काढून दिली आणि पदर खोचून घेतला. मामांनी तिचं टोक त्या केसाएवढ्या पिनेखाली घालून, श्वास रोखून, तिला हळूहळू उभी केली. बाकीच्या पिनांशी रांगेत आली की नाही ते दोनदा पाहिलं. वायर बसवली, दोन्ही स्क्रू घट्ट पिळले. आमच्या कॉलेजात ते पहिल्यांदाच पिळले गेले असावेत.

निळा चौकोन. दोन क्षण काही नाही. मग स्लाइड पांढरीशुभ्र, रान हिरवं, पाणी नेहमीचं शेवाळी.

'श्शी,' मागून आवाज आला, 'मॅडम, आधीचंच बरं होतं.'