परत मागवलेला शोधनिबंध

बडोदे, रविवार, रात्री साडेदहा

दिवसभर पावसाची झड लागल्यामुळे बाहेर पडणे झाले नाही, म्हणून माळ्यावरची ट्रंक उतरवून नोकरीच्या काळातल्या प्रयोगवह्या काढल्या. दांडिया बाजारातल्या आमच्या स्नेह्यांची नात रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्राध्यापकी करावी की सरळ रिफायनरीत नोकरी धरावी, हे विचारायला ती येत्या गुरुवारी येणार आहे. तिला काय सांगावे या विचारात वह्या चाळताना निळ्या पुठ्ठ्याची वही हाती आली, आणि नंतर दुसरी उघडावीशी वाटली नाही.

त्या वर्षी आम्ही दहा सेंटीमीटर व्यासाच्या उभ्या काचेच्या नळीत, म्हणजे आमच्या बोलीतल्या ‘बबल कॉलम’मध्ये, खालून हवा सोडून ती पाण्यात किती सामावते हे मोजत होतो. १२० सेंटीमीटर उंचीचे पाणी हवेमुळे १३८पर्यंत चढे, म्हणजे एकूण आकारमानात साधारण तेरा टक्के हवा असे. पुढे त्याच नळीत सोडियम सल्फाइट आणि किंचित कोबाल्ट घेऊन ऑक्सिजन द्रवात किती वेगाने शिरतो हे काढायचे. नमुना आयोडीनमध्ये टाकायचा, उरलेल्या आयोडीनचे थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, म्हणजे ते थेंबाथेंबाने संपवत मोजायचे, आणि स्टार्चची गर्द निळाई ज्या थेंबाला नाहीशी होते तो थेंब अचूक पकडायचा. ही शिस्त मला यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात लागली. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन १९६४ साली, वयाच्या २७व्या वर्षी तिथे प्राध्यापक झालेल्या मनमोहन शर्मा यांनी वायू आणि द्रव यांच्यातील अभिक्रियांच्या अभ्यासाची परंपराच तिथे उभी केली होती. पुढे १९९० साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हा आम्हा सगळ्यांना घरातल्याच माणसाचा सन्मान झाल्यासारखे वाटले होते.

माझ्या पहिल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने हवा आत सोडणारी बारीक छिद्रांची नवी तबकडी तयार केली आणि ती नळीच्या तळाशी बसवताच पाणी १५६पर्यंत चढले. तेराऐवजी तेवीस टक्के! आम्ही दोघेही हरखून गेलो. दोन आठवड्यांत निबंध लिहून पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. त्यानंतर वहीतले आकडे रोज थोडेथोडे उतरू लागले: १५१, १४७, १४२. तबकडी तीच, हवा तेवढीच. शेवटी प्रयोगशाळेतले आमचे जुने सहाय्यक दाराशी येऊन अवघडत म्हणाले, “साहेब, तबकडी बसवायच्या आधी नळी मी साबणाच्या पावडरीने धुतली होती.” साबणाच्या अंशामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात आणि पाण्यात जास्त वेळ टिकतात. तो अंश रोजच्या पाण्याबरोबर निघून जात होता, आणि त्याच्याबरोबर आमचा शोधही.

एका वरिष्ठांनी सुचवले की छापून येतेच आहे तर येऊ द्यावे, कोण तपासणार आहे. मी त्या रात्री झोपलो नाही. सकाळी नळी ऊर्ध्वपातित पाण्याने दहा वेळा विसळून, जुनी आणि नवी अशा दोन्ही तबकड्यांनी मोजमाप घेतले आणि संपादकांना निबंध मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. त्या मुलाचे दीड वर्ष गेले. त्याच्या घरी नोकरीची वाट पाहत होते, हे मला ठाऊक होते, आणि त्याची खंत आजही माझ्या मनात आहे. आधी विसळण्याची पद्धत ठरवून देणे हे माझे काम होते, त्याचे नव्हे.

काही वर्षांनी एका रात्री त्याचा फोन आला. तो तेव्हा एका कारखान्यात होता. “सर, रिअ‍ॅक्टरमधला द्रव फुगून वायूच्या नळीत शिरतोय, दोन दिवस झाले, हवा कमी केली तरी थांबत नाही.” मी काही बोलण्याआधीच तो थबकला आणि म्हणाला, “मागच्या शटडाउनमध्ये आतून धुऊन घेतला होता. कशाने, ते विचारतो.”

त्या मुलीला हे सांगेन. प्राध्यापकी आणि कारखाना या दोन वेगळ्या वाटा आहेत असे बडोद्यात तरी मानू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केली, तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९०७ साली अलेम्बिक ही औषधे-रसायनांची कंपनी उभी राहिली ती गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि राजमित्र बी. डी. अमीन यांच्या हातून.

वही मेजावर काढून ठेवली आहे. शेवटच्या पानावर त्या मुलाच्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘नवी तबकडी, १३८. जुनी तबकडी, १३८.’ खाली त्याची सही आहे, आणि तिच्याशेजारी माझी.