अवॉर्ड नक्की किती वर्षांचं?

२०२२च्या ऑगस्टमध्ये निकालाचं पत्र आलं आणि मी आईला फोन करून सांगितलं, "अवॉर्ड मिळालं." तिला वाटलं, ऑफिसात सत्कारबित्कार झाला. इंग्लंडमध्ये अपंगत्वासाठीच्या पैशांच्या मंजुरीलाही अवॉर्डच म्हणतात, हे तिला समजावताना मलाच हसू आलं.

मला संधिवात आहे. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. बरणी पोटाशी धरून झाकण तळहातानं रेटावं लागतं. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे 'पिप', आजाराच्या नावाला गुण देत नाही. स्वयंपाक, अंघोळ, कपडे, चालणं कसं जमतं, यावर गुण. ८ ते ११ ला स्टँडर्ड दर, १२ आणि पुढे एनहान्स्ड, म्हणजे वाढीव. (स्कॉटलंडवाल्यांचं अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट वेगळं, त्यांनी माझ्यावर विसंबू नये.) मला दैनंदिन कामांच्या भागात ९ गुण पडले: तेव्हाच्या दरानं आठवड्याला ६१.८५ पौंड, दर चार आठवड्यांनी खात्यात. शेवटची तारीख ऑगस्ट २०२५. एवढं वाचलं आणि पत्र फाइलला लावलं.

नवरा मात्र धुसफुसत होता. "तीन वर्षांत तुझा संधिवात बरा होणार आहे का?" मलाही तेच वाटायचं. दुखणं जन्माचं, मग मंजुरी तीनच वर्षांची का? पुढे उलगडलं की मुदत ठरते ती आपली गरज किती काळ अशीच राहील, या अंदाजावर. माझं औषध नुकतंच बदललं होतं, फरक पडण्याची शक्यता होती. कुणाला ९ महिन्यांचंही मिळतं. ओळखीच्या एका काकूंना 'ऑनगोइंग', म्हणजे शेवटची तारीख नसलेलं, मिळालंय. त्या त्याला 'कायमचं' म्हणतात, पण त्यातही साधारण १० वर्षांनी हलकीशी फेरतपासणी असतेच.

मुदत पटली नाही तर महिन्याभरात मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागता येतं. मी मागायच्या बेतात होते. पण त्यात नुसती तारीख नाही, सगळाच निर्णय पुन्हा उघडतो आणि आहे तेही कमी होऊ शकतं, हे कळलं आणि हात आखडता घेतला.

खरा घोळ पुढे झाला. २०२४च्या सप्टेंबरात तपकिरी पाकीट आलं: फेरतपासणीचा फॉर्म, एका महिन्यात परत पाठवा. अजून अकरा महिने बाकी असताना! कुणीतरी माझी तक्रार केली असणार, या विचारानं रात्रभर झोप नाही. तसं काही नव्हतं. फेरतपासणी मुदत संपायच्या वर्षभर आधीही सुरू होऊ शकते. म्हणजे पत्रावर लिहिलेली तारीख वेगळी आणि आपण कामाला लागायची तारीख वेगळी.

फॉर्म मी अर्ध्या तासात उरकला. प्रत्येक रकान्यात 'काही बदल नाही'. खोटं नव्हतंच ते. मोफत सल्ला देणाऱ्या बाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आज सकाळी शर्टाची बटणं कुणी लावली?" नवऱ्यानं. "मग ते कुठंय यात?" तीन दिवस बसून सगळं पुन्हा लिहिलं: बटणं, बरणी, अंघोळीची खुर्ची, आठवड्यातले किती दिवस बरे आणि किती वाईट. सोबत रुग्णालयाचं ताजं पत्र. फॉर्मची झेरॉक्स ठेवली, पहिल्या वेळी ठेवली नव्हती.

निर्णय ऑगस्ट उलटला तरी आला नाही. पण फेरतपासणी चालू असल्यानं मुदत वाढवल्याचं पत्र आधीच आलं होतं आणि पैसे थांबले नाहीत. ते पत्र मी दोनदा वाचलं, नवऱ्याकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं.

या वेळी पाच वर्षं मिळाली, दर तोच. पत्र फाइलला लावण्याआधी फोनवर आठवण लावली, शेवटच्या तारखेच्या बरोबर एक वर्ष आधीची.