क्लाउडवर जायचंय, पण वजनकाट्याचं काय?

आज दिवसभर भोसरीतल्या एका कारखान्यात होतो. मालकांना सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर हवंय, तेही दिवाळीआधी! ॲप्लिकेशन्सची यादी तासाभरात झाली. कुठलं कशाला जोडलंय हे शोधण्यात मात्र संध्याकाळ झाली. गेटवरचा वजनकाटा थेट ईआरपीच्या (खरेदी, साठा, हिशोब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डेटाबेसमध्ये नोंद करतो, हे फक्त स्टोअरच्या काकांना ठाऊक. ईआरपी बाहेर नेलं आणि इंटरनेट गेलं, की ट्रक गेटवरच अडकणार. म्हणून तो भाग सध्या इथेच. ईमेल आधी हलवू.

सर्व्हरवर अजून विंडोज २०१२ आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, त्यामुळे आहे तसं उचलून नेण्यात अर्थ नाही. (कंपनीच्या हिशोबाचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर लागतो; मुंबई-पुण्यात डेटासेंटर आहेत, ती चिंता नाही.)

मालक म्हणाले, "मग पाडव्याला करू." कुठला पाडवा, ते मी विचारलं नाही.