तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी कुठला किट घेऊ?

सांगलीत शाळेतल्या मुलांबरोबर मी शनिवारी इंजिनिअरिंगचे प्रयोग घेते, त्यामुळं पालक भेटले की हमखास विचारतात, मॅडम, पोराला कुठला रोबोटिक्स किट घेऊ? मी सांगते, आत्ता काहीच घेऊ नका, घरातली रद्दी द्या. त्यांना वाटतं मी टाळतेय. टाळत नाही हो. किटमधलं चित्र बघत जोडत गेलं की शेवटी गाडी पळतेच आणि पळाली की विषय संपला, का पळाली हे विचारायची वेळच येत नाही. मला ते पोरगं बघायचं असतं ज्याचं मोडलंय आणि जे वाकून बघतंय की नेमकं कुठनं मोडलं.

म्हणून सुरुवात पेपरच्या पुलानं. दोन बाकांमध्ये साधारण ६० सेंटिमीटर अंतर, सामान म्हणजे जुने पेपर आणि चिकटपट्टी, आणि वजन म्हणून पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या, म्हणजे एक बाटली एक किलो, काटा लागत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, पेपरचा कुठं पूल हुतोय व्हय?" मग अगरबत्तीच्या काडीवर कोपऱ्यापासून तिरका पेपर घट्ट गुंडाळायचा, काडी काढून घ्यायची, की कडक नळी तयार. नळ्या जोडून बहुतेक सगळे आधी चौकोन करतात, आणि बाटली ठेवली की चौकोन कलंडतो. सातवीतल्या एका मुलीनं कलंडलेला चौकोन हातात धरून इकडं तिकडं हलवला, बराच वेळ हलवतच बसली, मग एक नळी तिरकी लावली आणि ओरडली, "आता हलंना!" चौकोनाच्या चारही बाजू तेवढ्याच लांबीच्या राहूनही त्याचा आकार बदलतो, त्रिकोणाचा बदलत नाही, एवढं तिला कळलं आणि कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं. त्यानंतर ती पोरं रस्त्यानं जाताना साखर कारखान्याच्या शेडची लोखंडी कैची, म्हणजे छपराखालचा सांगाडा, बघतात, विजेच्या लाईनचे टॉवर बघतात, त्रिकोण मोजतात.

पुढचं याहून भारी असतं. नळी ओढली तर तुटत नाही पण दाबली की मधेच वाकते, आणि जेवढी लांब तेवढी लवकर, लांबी दुप्पट केली तर वाकायच्या आधी पेलणारा दाब चौथाईवर येतो. मग पोरं आपणच दाब येणाऱ्या नळ्या आखूड करायला लागतात. हे एकदा हाताला कळलं की त्यांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं न्यायचं, १९२९ सालचा, दगडी कमानींचा. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून कमान, हे तिथं उभं राहून सांगायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा प्रयोग सिरिंजचा. सुई नसलेल्या नव्या सिरिंज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात, एक ५ मिलीची आणि एक २० मिलीची, मध्ये सलाईनची नळी, आत रंगीत पाणी. लहान दाबली की मोठी जास्त जोरानं उचलते पण थोडीशीच सरकते, जोर मिळाला तर अंतर गेलं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मोठी सिरिंज लटपटते, कारण हवा दबते, पाणी जवळजवळ दबतच नाही. पुठ्ठ्याचा हात जोडला की झाला जेसीबी, आणि जेसीबी तर आमच्याकडं ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक पोरानं तासन्‌तास बघितलेला असतो.

आपल्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगर केले. आणि त्याच जिल्ह्यातल्या पोरांच्या हातात दहावीपर्यंत पाना येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोबोटिक्सला माझा विरोध नाही, मोटर, सेन्सर सगळं येऊ दे, पण आठवी-नववीत, आणि तेव्हाही चित्राचं पुस्तक बाजूला ठेवून. घरी करणार असाल तर एकच विनंती, पूल वाकायला लागला की तुमचा हात मध्ये घालू नका, पडू दे. आणि गट तिघांचाच करा, चौथा नुसता बघत बसतो.