सूज थांबते कशी ते ब्लॉटवर बघताना: माझा अनुभव

सूज येते कशी यावर ढिगाने वाचायला मिळतं, पण मला आधीपासून प्रश्न पडायचा तो ती थांबते कशी याचा. जंतू आत शिरले की सूज यायलाच हवी, ते शरीराचं कामच आहे, त्रास होतो तो ती वेळेवर आटोपली नाही की. म्हणून पीएचडीला मी एनएफ-कप्पा-बी घेतलं, म्हणजे सुजेची जीन्स चालू करणारं प्रोटीन. 1986 मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे प्रोटीन दाखवलं, आणि सुजेवर काम करणारा कुणीही फिरून फिरून यापाशी येतोच.

एरवी हे प्रोटीन न्यूक्लिअसच्या बाहेर अडकलेलं असतं, त्याला धरून ठेवतं आय-कप्पा-बी-अल्फा. बाहेरून टीएनएफ, म्हणजे सुजेचा निरोप देणारं प्रोटीन, आलं की आयकेके नावाचं एन्झाइम या धरून ठेवणाऱ्यावर फॉस्फेट लावतं, मग प्रोटिअसोम, म्हणजे सेलमधलं प्रोटीन मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं, एनएफ-कप्पा-बी सुटून न्यूक्लिअसमध्ये जातं आणि सुजेची जीन्स चालू करतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या जीन्समध्ये आय-कप्पा-बी-अल्फाचं जीनही असतं, म्हणजे गाडी सुटली की तीच स्वतःचा ब्रेक बनवायला लागते.

हे पेपरात वाचणं वेगळं आणि आपल्या सेल्समध्ये दिसणं वेगळं. टाइम कोर्स लावला, म्हणजे टीएनएफ घातल्यावर ठरावीक वेळांनी सेल्स घेऊन वेस्टर्न ब्लॉटवर (यात प्रत्येक प्रोटीन बँड म्हणून दिसतं) बघायचं, 0, 5, 15, 30, 60 आणि 120 मिनिटं. सिनियर ताईने एक युक्ती शिकवली ती फार कामाला आली, टीएनएफ उलट्या क्रमाने घालायचं, 120 वाल्या प्लेटला सगळ्यात आधी आणि 5 वालीला शेवटी, म्हणजे सगळ्या प्लेट एकदमच बर्फावर येतात आणि लायसिस, म्हणजे सेल्स फोडणं, एकाच वेळी होतं. शून्यवालीलाही तेवढंच मीडियम घालायचं, फक्त टीएनएफशिवाय, कारण प्लेट नुसती हाताळली तरी सेल्स काही सिग्नल चालू करतात. लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर ताजे हवेत, नाहीतर फॉस्फेट निघून जातात आणि फॉस्फेट लागलेल्या प्रोटीनचा (फॉस्फो) बँड फिका येतो, मग वाटतं सिग्नल आलाच नाही. जेल, ट्रान्सफर, ब्लॉकिंग हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर बोलत नाही.

बँड आले तेव्हा ॲक्टिन (सगळ्या सॅम्पलमध्ये प्रोटीन सारखं घातलंय ना ते यावरून कळतं) सगळीकडे सारखं होतं, आणि आय-कप्पा-बी-अल्फा 15 मिनिटांना जवळजवळ गायब, 30 ला थोडं थोडं, आणि 60 ला परत भरलेलं! मी किती वेळ त्या स्क्रीनसमोर बसून होते. विचार करा, कुणी फक्त 0 आणि 60 मिनिटांचे सॅम्पल घेतले तर तो म्हणेल टीएनएफने काहीच झालं नाही, आणि मधल्या वेळात तर सगळं घडून गेलेलं असतं. एकाच वेळेचा पॉइंट घेऊन काढलेल्या निष्कर्षावर तेव्हापासून माझा विश्वास बसत नाही.

परत आलेलं प्रोटीन खरंच नवीन बनलंय का हे बघायला सायक्लोहेक्सिमाइड घालून तोच टाइम कोर्स केला, त्याने नवीन प्रोटीन बनणं थांबतं, आणि बँड गेला तो परत आलाच नाही. फक्त टीएनएफ आणि सायक्लोहेक्सिमाइड एकत्र जास्त वेळ ठेवले तर सेल्स मरायला लागतात, त्यामुळे प्रयोग छोटाच ठेवावा लागतो.

ब्रेक बिघडला तर माणसाला काय होतं याचंही उदाहरण आहे. एनएफ-कप्पा-बी जे दुसरे ब्रेक बनवतं त्यातला एक ए20, त्याच्या जीनची एक प्रत खराब असेल तर लहानपणीच तोंडात वारंवार अल्सर, ताप, सांधेदुखी असं बेहचेट या सुजेच्या आजारासारखं दुखणं सुरू होतं, हे 2016 मध्ये समोर आलं. म्हणजे समोर कुठलाही जंतू नसताना सूज चालूच.

ब्लॉटमध्ये लाखो सेल्सची सरासरी दिसते, त्यामुळे पुढचं काम लाइव्ह इमेजिंगचं आहे, एकेका सेलमध्ये एनएफ-कप्पा-बी आत-बाहेर कसं करतं ते बघायचंय, आणि ए20 कमी केलं की ती ये-जा कुठे बदलते ते.