धूळ समजून पुसलेला ठिपका

बेळगावात खडेबाजारच्या मागच्या गल्लीत आमचं प्रिंटिंगचं दुकान आहे, मी तिथं डिझाइनला बसतो. मंडळांचे फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या. पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला, हा हिशोब आता फूटपट्टीशिवाय जमतो.

गेल्या पावसाळ्यात खानापूरचे एक रिटायर झालेले गणिताचे सर पेनड्राइव्ह घेऊन आले. मँडेलब्रॉट संच म्हणजे एकच छोटं सूत्र पुन्हापुन्हा चालवून काढलेली आकृती, कितीही आत गेलं तरी नक्षी संपत नाही. त्यात खोल शिरून काढलेलं चित्र होतं, निळ्यावर सोनेरी वेलबुट्टी. आठ बाय पाच फुटांचा कॅनव्हास हवा होता. शंभर डीपीआयला, म्हणजे इंचाला शंभर ठिपके धरून, ९६०० बाय ६०००, म्हणजे पावणेसहा कोटी पिक्सेल.

अशी फाइल आली की मी ती शंभर टक्क्यांवर नेऊन कोपरान् कोपरा बघतो. मालकांना हा वेळेचा चुराडा वाटतो, त्यांची नजर रंगापेक्षा गल्ल्यावर जास्त. बारीक जाळीत सुटे पिक्सेल चमकत होते, मीठ भुरभुरावं तसे. शिवाय बरोबर मध्यावर सहासात पिक्सेलचा एक काळा डाग. हात सवयीनं गेला: डस्ट अँड स्क्रॅचेस, म्हणजे धूळ-ओरखडे पुसणारा फिल्टर, रेडियस चार. मीठ गेलं, डागही गेला. मी स्वतःवर खूश.

कॅनव्हास न्यायला आल्यावर सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक मध्यावर टेकवलं.

"मधला ठिपका कुठं गेला रे?"

"धूळ होती सर ती. काढली."

"अरे, तो अख्खा संच होता. त्याचीच आत सापडणारी पिटुकली नक्कल. त्याच्यासाठीच तर एवढं आत गेलो होतो मी."

मग बोट फिरवत दाखवलं. बाहेरून मध्याकडं येताना वेलीचे फाटे दोनाचे चार, चाराचे आठ होत जातात, सगळे त्या ठिपक्याभोवती. कॅनव्हासवर जेमतेम दीड मिलिमीटर. नक्षी सगळी शाबूत होती, आणि ती ज्याच्याभोवती फिरत होती तेवढंच मी पुसलेलं.

सर रागावले नाहीत, त्यानं जास्त लाज वाटली. पण डावीकडं नजर जाताच त्यांचाच चेहरा पडला. तिथं एक सपाट केशरी तळं होतं. दुकानात सगळ्यांना तेच आवडलेलं, मलाही.

"ही खरी घाण. आणि ही माझी."

कॉम्प्युटरचा नेहमीचा आकडा सोळाएक अंक धरतो, एवढ्या खोलात ते पुरत नाहीत. म्हणून एकाच बिंदूचा हिशोब सगळ्या अंकांनिशी करायचा आणि बाकीच्या पिक्सेलचा फक्त त्याच्यापासूनचा फरक मोजायचा. के. आय. मार्टिन यांनी २०१३ मध्ये ही युक्ती पुढं आणली, नाहीतर महिने लागले असते. सरांनी सोपं करून सांगितलं: एका घराचा पत्ता पूर्ण लिहून घ्यायचा, बाकीची घरं 'तिथून चार घरं पलीकडं' अशी. पण गल्ली मध्येच फुटली तर? दोन मोठे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो तो फरक खोटा, आणि वेगवेगळ्या शेकडो पिक्सेलना एकच उत्तर मिळतं. तेच तळं. हे ओळखायची कसोटी आहे: मूळ बिंदूचा आकडा आणि फरक यांची बेरीज त्या आकड्याच्या हजाराव्या भागापेक्षा लहान झाली की पिक्सेल संशयित. वेळ वाचवायला सरांनी ती सैल सोडली होती.

मी म्हटलं, क्लोन स्टँपनं, शेजारचा तुकडा उचलून, भरून देतो. सर हसले. "काय भरणार? तिथं काय आहे ते तुला ठाऊक आहे का?"

नव्हतं. त्या फाइलमध्येही नव्हतं. तळ्याच्या आतलाच एखादा बिंदू धरून तेवढे पिक्सेल पुन्हा काढणं, एवढाच उपाय. शिवाय सगळ्याच चित्रात दर पिक्सेलमागं एकाऐवजी नऊ जागी हिशोब करून त्यांची सरासरी लावली. आमच्या मशीनवर दोन रात्री गेल्या, एकदा लाईट गेली तेव्हा मी यूपीएसजवळ बसून राहिलो. तळ्याच्या जागी जाळीच जाळी उगवली. मीठही आपोआप नाहीसं झालं, फिल्टर न लावता.

सरांनी दोन्ही प्रिंटचे पैसे दिले, तरी मालक आठवडाभर फुगलेले. बिघडलेला कॅनव्हास आता काउंटरमागं टांगलाय. येणारं गिऱ्हाईक त्या तळ्यालाच वा म्हणतं.

फिल्टर लावताना आता हात थबकतो. परवा पत्रिकेच्या फोटोत नवरीच्या गालावरचा तीळ तसाच ठेवला, तर तिचा भाऊ भांडायला आला.